पाच नंबरचा बोअर

“पाच नंबरला ग्राउट नीट बसला नसेल,” नितीन सर म्हणाले, आणि करुणा “असेल सर” म्हणून मोकळी झाली. सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली नव्हती, तिने वहीवरून. पत्र्याच्या त्या खोलीत डिसेंबरच्या दुपारचं ऊन दारातून टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. बाहेर ड्रिलवाले रोशनभाऊ सकाळच्या स्फोटानंतर केबली गुंडाळत होते, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सहा बोअर, सहा सेन्सर. चार ठिकाणचे आकडे यायला हवे होते तसे आले. सहाव्याची केबल उडालेल्या दगडाने तुटली. पाचव्याचा आकडा आला तो फार कमी, आणि उशिरा. सर म्हणाले, उद्या एक टिपण लिहून दे, ग्राउटमधल्या दोषामुळे पाच नंबरचं वाचन धरू नये एवढंच, खाली सही कर, म्हणजे परवाच्या मोठ्या स्फोटाला आपण मोकळे. त्यालाही ती हो म्हणाली. मग तिने डबा पिशवीत टाकला, मोहगावच्या फाट्यावर येऊन पांढुर्ण्याची बस धरली, खिडकीची जागा मिळाली. संत्र्याच्या बागा मागे पडायला लागल्या तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की आपण जे बोललो ते खरं की खोटं हे आपल्याला ठाऊकच नाही. असेल. शिंक यावी तसा तो शब्द आला होता. बसमधल्या कुणी विचारलं असतं, बाई, ही बस तुझ्यामुळे उशिरा सुटली का, तरी ती बहुधा असेल म्हणाली असती.

ग्राउट हे तिचं काम होतं. नागपूरच्या संस्थेत कंत्राटावर आठ वर्षं ती हेच करत आली होती, आणि सौंसरकडच्या या बंद खदानीत प्रयोग ठरला तेव्हा माहेरी राहून जाता येईल म्हणून तिने आपण होऊन नाव दिलं होतं. लोकांना वाटे, सिमेंटचा घोळ करायचा आणि भोकात ओतायचा, त्यात काय एवढं. पण खडकातून धक्का कसा पसरतो ते मोजायचं तर सेन्सर खडकाच्या पोटात ठेवावा लागतो. पोटात ठेवायचा तर भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडलं की तो खडक पहिल्यासारखा राहत नाही. म्हणून ते अशा मिश्रणाने भरायचं, की धक्क्याची लहर तिथून जाताना तिला इथे कुणी हात लावला होता हे कळू नये. मिश्रण मऊ पडलं तर लहर दबते, फार कडक झालं तर सगळा भार तेच ओढून घेतं, आणि दोन्ही वेळा सेन्सर खोटं बोलतो. खडकाइतकं जड हवं, खडकाइतकं ताठ हवं. तिने इथल्या खडकाचे तुकडे नागपूरला नेऊन महिनाभर तपासले होते. सिमेंट, बारीक रेती, वजनासाठी बराइटची भुकटी, पाणी वर सुटू नये म्हणून बेंटोनाइट माती, सुकताना अंग चोरू नये म्हणून आणखी एक पूड. अकरा मिश्रणं तिने फेकून दिली आणि बारावं ठेवलं. बाराव्यात लहर जवळजवळ खडकातल्याच वेगाने धावली तेव्हा प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. ती एकटीच हसली होती आणि मग उगाच इकडेतिकडे पाहिलं होतं.

आता बसच्या खिडकीशी बसून ती पाच नंबर भरला तो दिवस आठवू लागली. नोव्हेंबरातली सकाळ. रोशनभाऊंनी बोअरमध्ये तळापर्यंत पाइप सोडलेला, कारण ग्राउट नेहमी खालून वर भरत आणायचा, वरून ओतला की हवा अडकते. मिक्सर फिरत होता. नमुन्याचे तीन साचे तिने भरून ठेवले होते. पाणी तिनेच मोजलं होतं, एकदा मोजून पुन्हा मोजलं होतं, ही तिची खोड. आणि मग फोन वाजला. सागरचा. घटस्फोटानंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने तब्येत विचारली, आईची विचारली, आमल्याला थंडी फार आहे म्हणाला, आणि मग सांगितलं की त्याच्या रेल्वेतल्या नोकरीच्या कागदांवर अजून तिचं नाव आहे, ते काढायला तिची एक सही लागेल. बोलणं अदबीचं होतं. ती मिक्सरपासून दूर, पळसाच्या झाडापर्यंत चालत गेली होती, पाठवा, करते सही, असं म्हणाली होती, आणि फोन ठेवून झाडाकडे बघत उभी राहिली होती. पाच मिनिटं. सात असतील. परत आली तेव्हा घोळ तसाच फिरत होता आणि रोशनभाऊ पाइप धरून उभे होते. त्या पाच-सात मिनिटांत काय झालं? घट्ट व्हायला लागला म्हणून त्यांनी एखादा मग पाणी घातलं असेल? गवंडी घालतात. कुणीही घालेल. ती घाबरली, आणि त्याच वेळी, याची तिला लाज वाटली, थोडं बरंही वाटलं. म्हणजे चूक आपलीच. म्हणजे असेल हे बरोबर. परिचयाच्या घरात शिरल्यासारखं तिला झालं.

घरी मंगलाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. लेकीने हातपाय धुतले, चहा घेतला, आणि आईच्या सुपातली तूर आपल्यासमोर ओढून घेतली. हा भाग शहराचा की खेड्याचा हे कधी ठरलंच नव्हतं. नवा जिल्हा झाल्यापासून पलीकडच्या रस्त्यावर मोठाल्या पाट्या लागल्या होत्या, आणि अलीकडे मात्र शेळ्या बांधलेल्या. तुरीतले खडे बोटांना आपोआप सापडत होते. तिला सातवीतला प्रयोगशाळेचा तास आठवला. मोरचुदाच्या पाण्याची मोठी बाटली फुटली होती आणि निळं पाणी फरशीवरून बाकाखाली पसरत गेलं होतं. गुरुजींनी कोण म्हणून विचारलं. त्यांची नजर चाळीस मुलींवरून फिरत आली आणि तिच्यावर थांबली. ती उभी राहिली. बाटली पूनमच्या हातून पडली होती, पूनम तिच्या शेजारी ओढणीत हात लपवून बसली होती. पण नजर थांबली होती, आणि थांबलेल्या नजरेखाली बसून राहणं उभं राहण्यापेक्षा जड होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. हिरामण, नगरपालिकेतला शिपाई, खाकी कपड्यांतच शाळेत आला, दाराबाहेर चपला काढल्या आणि म्हणाला, हो गुरुजी, तिनंच केलं असन. असन. तो शब्द घरातच होता. नाकीडोळी बापासारखी, असं सगळे म्हणत. हा शब्द कुणी मोजला नव्हता.

आणि मग सागर. कोर्टाच्या कागदावर कारण लिहायचं होतं. सागरचं दुसरीकडे मन होतं हे दोघांना ठाऊक होतं, वकिलालाही होतं, पण वकील म्हणाला, सगळ्यात सोपं म्हणजे स्वभाव जुळत नाही असं लिहू, आणि कुणाच्या स्वभावामुळे ते एका ओळीत आलं की झालं. तो लिहिता लिहिता थांबला, आणि त्या थांबलेल्या पेनाखाली करुणा म्हणाली, माझ्या लिहा. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आजवर तिच्यावर कुणी कधी जबरदस्ती केली नव्हती. जिथे एक ओळ कमी पडे तिथे ती आपण होऊन जाऊन बसे, आणि सगळ्यांचं काम पुढे सरके.

“काहून चूप हायस?” मंगलाबाई म्हणाल्या.

तिने प्रयोगाचं काहीच सांगितलं नाही. सुपाकडे बघत विचारलं, “माय, त्या मोरचुदाच्या टायमाले बाबा शाळेत आले होते. घरी आल्यावर तुले काही बोलले होते का?”

मंगलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी लेकीने हे का काढलं असेल याचा अंदाज घेतला. मग म्हणाल्या, “बोलले होते न. म्हने, पोट्टीनं नाई फोडली. तिच्या हातावर निया डाग नोता. त्या बाजूच्या पोरीच्या बोटाले होता.”

“मंग बोलले काहून नाई तथी?”

“काय बोलतील? गुरुजीसमोर उभं राहाची सवय नोती त्याईले. राती जेवले नाईत पर.” आणि त्यांनी सूप परत आपल्याकडे ओढलं.

करुणा बराच वेळ आपले हात बघत बसली. म्हणजे बाबांनी पाहिलं होतं. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं, की बापाने विचारलं नाही म्हणजे त्याला ती खरंच दोषी वाटली. आणि त्याने तर दारातूनच आधी हात पाहिले होते, पुरावा पाहिला होता, आणि तरीही तो असन म्हणाला होता. यातलं कमी वाईट कोणतं हे तिला ठरवता येईना. तिला आता हयात नसलेल्या बाबांचा राग आला. मग त्यांच्या दाराबाहेर काढलेल्या चपला आठवल्या आणि तो राग कुठे ठेवावा कळेना. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात अगदी साधेपणाने उभी राहिली. हात बघायचे. आधी हात बघायचे आणि मग काय ते बोलायचं. तिने पाच नंबरचे हात अजून पाहिलेच नव्हते.

सकाळच्या पहिल्या बसने ती साइटवर पोचली तेव्हा नितीन सर आले नव्हते. नमुन्यांचे सिलिंडर पाण्याच्या टाकीत बुडवलेले होते, तिने पाच नंबरचे तिन्ही काढले, पुसले, आणि वेग मोजायच्या यंत्राच्या दोन टोकांमध्ये एकेक धरले. तिन्ही बरोबर. पण हे साचे तर फोनच्या आधी भरलेले होते. मग ती ड्रिलच्या गाडीकडे गेली. रोशनभाऊ पन्नाशीचे, बागायतदार घरातले, पण भावकीत जमीन गेली आणि मशीनवर आले. ते तंबाखू मळत बसले होते. तिने सरळ विचारलं, त्या दिवशी माझा फोन चालू असताना तुम्ही मिश्रणात पाणी घातलं का? विचारताना तिचाच आवाज तिला गुरुजींसारखा वाटला, आणि ती म्हणाली, घातलं असलं तरी माझीच जिम्मेदारी, मी गेले होते. रोशनभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली नाही. हातावर तशीच ठेवून म्हणाले, “नाई मॅडम. पाणी नाई घातलं. तुम्ही दोनदा मोजता हे मी पायतो. मी पाइप धरून उभा होतो, सोडला असता तं खाली गेला असता.” तिला ते खरं वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे हेही तिला त्याच वेळी कळत होतं, आणि माणसावर विश्वास टाकायचा तर तो अर्धवट टाकता येत नाही हेही.

मग तिने लॅपटॉप उघडला आणि काल जे पाहायला हवं होतं ते पाहिलं. काल सगळ्यांनी पाच नंबरची उंची पाहिली होती, धक्का किती कमी आला ते. तो उशिरा आला हे दिसलं होतं, पण उशीर किती ते कुणी मोजलं नव्हतं. तिने आता वेळ पाहिली. बोअर स्फोटापासून तीस मीटरवर. साडेसात मिलिसेकंदांत यायला हवी होती ती लहर दहा घेऊन आली होती. ती पेन्सिल घेऊन बसली. बोअरची रुंदी वीतभरही नाही. समजा ग्राउट साफ बिघडला, समजा त्या भोकात नुसता ओला चिखल होता, तरी वीतभर चिखल ओलांडायला लहर एवढी रेंगाळत नाही. तिने पुन्हा मोजलं. पाण्यासारखंच, दोनदा. उशीर बोअरमध्ये झाला नव्हता. तो वाटेत झाला होता. लहर सरळ आलीच नव्हती. कशाला तरी वळसा घालून आली होती.

ती बाहेर आली. स्फोटाची जागा आणि पाच नंबर यांच्या मधे, खदानीच्या पूर्वेला, सपाट जागा होती, वाळलेलं गवत, मधून पायवाट. उद्या स्फोटकांची गाडी तिथेच उभी राहणार होती, कारण सपाट तेवढी तीच. त्या वाटेने आता कापूस वेचणाऱ्या बाया पलीकडच्या केशवरावांच्या शेतात चालल्या होत्या, ओट्या बांधलेल्या, एकामागे एक. सगळ्यांत मागे केसरबाई. पंच्याहत्तरीच्या असतील, तरी रोज जात. करुणाला त्या येता-जाता डब्यात काय आणलं म्हणून विचारत, तेवढीच ओळख. करुणाने त्यांना थांबवलं आणि विचारलं, आजी, ही जागा पूर्वी काय होती? केसरबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, हे विचारण्यासारखं आहे का अशा नजरेने. मग सांगू लागल्या. त्या लहान असताना इथे एक ठेकेदार मँगनीजचा दगड काढायचा. वरचा दगड सरला तशी तिरपी वाट खाली नेली होती, आत माणसं वाकून जात. केसरबाई वर टोपल्या वाहायच्या, त्यांची माय आत जायची. मग ठेकेदार गेला, तोंड मातीने बुजवलं, त्यावर गवत आलं.

“म्हणजे खाली अजून पोकळ आहे?”

“पोकय नाई तं काय. माती तं तोंडालेच टाकली. आत कोन भरत बसते?”

“आजी, हे आमच्या लोकांना कुणी सांगितलं नाही.”

“कोनं इचारलंच नाई, बाई,” केसरबाई म्हणाल्या, आणि पुढे गेलेल्या बायांकडे पाहून चालू लागल्या.

नितीन सर दहाला आले. ते वाईट माणूस नव्हते. दोन महिने लॉजवर राहून त्यांचं पोट बिघडलं होतं, घरी मुलगी बारावीला होती, आणि स्फोटकांच्या परवान्यावर तारीख एकच होती. टिपण त्यांनी स्वतःच टाइप करून आणलं होतं, करुणाला त्रास नको म्हणून. कागद टेबलावर ठेवून त्यांनी पेन पुढे केलं आणि थांबले. ते थांबणं तिने ओळखलं. नजर, पेन, सगळ्यांची थांबण्याची रीत एकच. तिच्या घशाशी शब्द आलाही.

“सर, मी यावर सही करणार नाही,” ती म्हणाली. “ग्राउट बरोबर आहे.”

मग तिने सगळं सांगितलं, जरा घाईने, क्रम चुकवत. उशीर, वीतभर रुंदी, केसरबाई, तिरपी वाट. सर म्हणाले, घड्याळ आधीच सुरू झालं असेल. ती म्हणाली, मग बाकी चारांचं का नाही झालं? ते म्हणाले, म्हाताऱ्या बाईच्या सांगण्यावरून मी परवाना बुडवू? ती म्हणाली, नको, तिच्या सांगण्यावरून नको, मधे एक बोअर पाडून बघा. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिने फोनचंही सांगितलं. “पाच नंबर भरताना मी पाच-सात मिनिटं जागेवर नव्हते सर. माझा खासगी फोन होता. मिश्रण फिरत असताना मी जायला नको होतं. ती चूक माझी आहे. पण पाच नंबरचा आकडा त्यामुळे कमी आलेला नाही.”

सरांनी चष्मा काढला. “करुणा, हे तू आत्ताच मला कशाला सांगतेस? बोअरमध्ये काही निघालं नाही, तर हे तुझ्याच अंगावर येईल.”

“येऊ द्या,” ती म्हणाली. तिने पेन सरांकडे परत सरकवलं. आतून एक चमत्कारिक हलकेपणा वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपली चूक नेमकी मोजून दिली होती. कमी नाही, आणि वरून एखादा मग पाणी घालून वाढवलेली नाही.

रोशनभाऊंनी मशीन लावलं ते अकरा वाजता, स्फोटाची जागा आणि पाच नंबर यांच्या बरोबर मधे. जागा करुणाने दाखवली. ड्रिल घुसायला लागला, पांढरट भुकटी उडू लागली. तीन मीटर, पाच, आठ. दगड. दहा मीटर, दगड. सर सावलीत उभे राहून फोनवर बोलत होते, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य तिला आपल्याविषयीचं वाटत होतं. बारा. पंधरा मीटरला रोशनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, थांबवा. मशीन बंद झालं आणि शांततेत गवतातले किडे ऐकू यायला लागले. अखंड, निरोगी, पंधरा मीटर खडक. तिच्या मनात सगळं उलटं फिरलं. वेळ चुकीची वाचली असेल. म्हातारीला आठवत नसेल. पाणी घातलं असेल. असेल, असेल. तो शब्द आता एकटा नव्हता, सगळं गोत घेऊन आला होता. सर जवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्याजवळ हात आणून परत घेतला, सांत्वन करावं तसा. त्या हातानेच ती भानावर आली. तिला वाटलं, नमुने बरोबर आहेत. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. उशीर आहे, तो कागदावर आहे. माझा अंदाज चुकला असेल, पण पाहिलेलं चुकत नाही. ती म्हणाली, सर, अजून एक. सर म्हणाले, एकच, दुपारी तीनपर्यंत. त्यांनीही हो का म्हटलं असेल, हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. कदाचित त्यांनाही तो उशीर रात्रभर टोचला असेल.

ती स्वतः केशवरावांच्या शेतात गेली. कापसाच्या ओळींतून केसरबाईंना शोधून काढलं आणि विनंती केली. केशवराव बांधावर होते, त्यांनी कुरकुर केली नाही. उलट म्हणाले, बापाच्या काळी तिकडे बैल नेत नसत, का ते मात्र माहीत नाही. केसरबाई ओटीतला कापूस ढिगावर रिकामा करून आल्या. पहिल्या बोअरपाशी उभं राहून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, काहीतरी जुळवलं, आणि पाच नंबरच्या दिशेने, उतरत्या बाजूला वीस-पंचवीस लहान पावलं चालत गेल्या. “तथी नाई. इकडे. वाट अशी खाली जाये आन मंग डाव्या अंगाले वये.” त्या जिथे उभ्या होत्या तिथे रोशनभाऊंनी खूण केली. मशीन पुन्हा लागलं. दोन मीटर. चार. सहा. सर घड्याळ बघत होते. सात मीटरवर ड्रिलचा आवाज अचानक बदलला आणि सळई हातातून निसटल्यासारखी धपकन खाली गेली. रोशनभाऊंनी झटक्याने मशीन बंद केलं.  भोकातून धूळ वर आली नाही, आत ओढली गेली. सरांनी वजन लावून टेप सोडला, तो छतापासून आणखी अडीच मीटर खाली गेला आणि मग कुठे टेकला. त्यांनी तो वर घेतला, पुन्हा सोडला. मग ते गवतावर पाय जपून टाकत मागे झाले, आणि बाकीच्यांनाही मागे व्हायला सांगितलं. पायवाट त्यांच्यापासून चार हातांवर होती.

स्फोटकांच्या गाडीला नको म्हणून फोन गेला. संध्याकाळपर्यंत सपाट जागेभोवती दोर बांधला, पायवाट लांबून वळवली, तहसीलला कळवलं. मोठा स्फोट रद्द झाला, पुढचा कधी आणि कुठे हे ठरायचं होतं. अहवालात पाच नंबरचं वाचन तसंच ठेवलं गेलं, खाली सरांनी लिहिलं, ग्राउट समाधानकारक, मार्गात पोकळी. केसरबाईंचं नाव त्यात नव्हतं, करुणाचंही नव्हतं. आणि आठ दिवसांनी करुणाला लेखी समज मिळाली, मिश्रण चालू असताना जागा सोडल्याबद्दल. सर देताना ओशाळले होते. तूच सांगितलंस, मला लिहावं लागलं, म्हणाले. तिने ती दोनदा वाचली. त्यात पाच ते सात मिनिटं असंच लिहिलं होतं, कारण तिने तसंच सांगितलं होतं. मार्चनंतर कंत्राट पुढे चालेल का हे तिला माहीत नव्हतं, आणि त्या कागदाने ते सोपं होणार नव्हतं. तिने सही केली. घरी आल्यावर आईला वाचून दाखवली. मंगलाबाई सगळं ऐकून म्हणाल्या, एवढंच न? आणि मग म्हणाल्या, बाबाले दाखवाले पायजे होती.

सामान आवरायच्या दिवशी तपासणीचे दोन्ही बोअर बंद करायचे होते. पहिला खडकातला, तो लवकर झाला. दुसऱ्यात रोशनभाऊंनी पोकळीच्या छताच्या जरा वर बूच बसवलं, त्याच्या वरचं तेवढं भोक भरायचं होतं. खालची पोकळी तशीच राहणार होती, ती भरणं त्यांच्या हातात नव्हतं. थंडी कडक होती, गवतावर दव होतं. करुणाने पाणी मोजलं, पुन्हा मोजलं, फोन खोलीतच ठेवून आली होती. मिक्सर फिरत असताना दोराबाहेर केसरबाई येऊन उभ्या राहिल्या. कापसाला चालल्या होत्या, शालीत तोंड गुंडाळलेलं. त्यांनी विचारलं, बुजवून राहिले का? करुणा हो म्हणाली. त्या घुटमळल्या, मग म्हणाल्या, मले एक बार जवयून पाहू देशीन का?

जागा टणक होती, सरांनी सगळीकडे ठोकून तपासली होती. करुणाने रोशनभाऊंकडे पाहिलं. त्यांनी बूच वर ओढून काढलं, ते पुन्हा बसवायला वेळ लागणार नव्हता. तिने दोर वर उचलून धरला, केसरबाईंना हाताला धरून आणलं, आणि त्या बोअरच्या तोंडाशी हळूहळू बसल्या, आधी एक गुडघा, मग दुसरा. त्यांनी आत पाहिलं नाही, आत दिसण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी तळहात भोकावर ठेवला आणि तसाच ठेवला.

“गरम लागून राहिलं,” त्या म्हणाल्या.

करुणा शेजारी वाकली. खरंच, त्या थंडीत आतून उबदार हवा येत होती, मंद. जमिनीच्या पोटात हिवाळा उन्हाळा सारखाच, हे तिला पुस्तकातून माहीत होतं.

“हिवाळ्यात आमी पोट्टे सकायपासून वर कुडकुडत बसू,” केसरबाई म्हणाल्या. “माय दुपारी वर ये तवा तिचे हात असेच गरम राहेत. गालाले लावे आमच्या, एकेकाच्या. मले वाटे मायचे हातच गरम हायेत.”

मिक्सर फिरत होता. ग्राउट फार वेळ ठेवता येत नाही, पण एवढा वेळ ठेवता येत होता, हे करुणाला ठाऊक होतं. रोशनभाऊ पाइप खांद्यावर घेऊन दुसरीकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने केसरबाईंनी हात उचलला, दुसरा हात ठेवला. मग तोही उचलला, दोन्ही तळहात आपल्या गालांना लावले आणि उठायला म्हणून करुणाकडे हात केला.

“भर आता, बाई,” त्या म्हणाल्या.